बारा मेंढ्यांची लोकर

मार्गशीर्षात द्राक्षात साखर उतरते
आणि बांधावर दव.
रात्री अकरा ते पहाटे पाच
मणेराजुरीच्या माळावर बाग राखतो मी.
अंगात दोन स्वेटर, हातात बॅटरी,
तरी मणक्यातून कुणी
गार पाण्याची मोटर सोडल्यासारखं.

मालक म्हणाले, "ब्लँकेट घे की,
साडेतीनशेला मिळतंय, वाघाचं."
घेतलं.
पहिल्याच दवात वाघ चिंब,
आणि शेकोटीची एक ठिणगी उडाली तर
त्याचा डोळा वितळून टणक मणी झाला.

मग शनिवारी आटपाडी.
बोकडांच्या ओरड्यात, भज्यांच्या धुरात
दोरीवर टांगलेल्या काळ्या घोंगड्या.
"अस्सल हाय," दुकानदार.
मी दशीचा एक धागा ओढला, काडी लावली.
केस जळल्याचा वास यायला हवा होता,
आला टायरचा.
"काडी खिशात ठेवा," तो म्हणाला,
"गिऱ्हाईक हाय का पोलीस?"

सणगर गल्लीत आता एकच माग वाजतो.
कमरेपर्यंत खड्ड्यात बसलेला गुरसिद,
भिंतीला टेकवलेला खळीचा कुंचा,
चिंचोक्याच्या आंबूस वासात
एक मांजर निवांत.
त्यानं घोंगडीवर तांब्यातलं पाणी ओतलं.
थेंब तसेच उभे राहिले, पाहुण्यासारखे,
आत यावं की नाही, ठरेना त्यांना.

"बत्तीसशे."
माझ्याकडं चौदाशे होते, त्यात परतीचं तिकीट.
तो हसला नाही, मीही घासाघीस केली नाही.
सूत काढणाऱ्या दोनच बायका उरल्या,
त्यातल्या एकीला मोतीबिंदू.
विणायला सहा दिवस.
मी मनात भागून बघितलं,
रोजाला माझ्याहून कमीच पडत होते त्याला.

"लोकर आण," तो म्हणाला, "बारा मेंढ्यांची.
नुसत्या मजुरीवर विणतो."
"आणू कुठनं?"
"आलास त्याच रस्त्यानं जा. नाकानं शोध."

कालव्याच्या पुलाखाली धुळाचा वाडा पडला होता.
मेंढ्या नुकत्या कातरलेल्या,
शाळेच्या पहिल्या दिवशीच्या पोरांसारख्या ओशाळ्या.
आणि चरात लोकर. ढीगभर. पावसात कुजायला.
"ने बाबा," तो म्हणाला,
"कुणी फुकट नेत न्हाई.
कातरायची मजुरी मी देतो, टाकायची बी मीच."

मी तिथंच बसलो.
बत्तीसशे रुपयांच्या मालावर
एक कोंबडी उकरत होती.

धुळानं गोखरू वेचून दिले, तेवढ्यात अंधार पडला.
मग पालाच्या आतून एक वेगळं गाठोडं काढलं,
कोकरांचं जावळ, काळंभोर, मऊ.
"हे गळ्यापाशी लावाय सांग. टोचत न्हाई."
त्या जावळाचे पैसे तो घेईना.
दुसऱ्या दिवशी मी दोन किलो द्राक्षं नेऊन दिली.
गळालेली होती. मालकाला सांगू नका.

घोंगडी हाती आली तेव्हा
बाग तुटून गेलेली, थंडीही उतरलेली.
आता मी बेदाण्याच्या शेडवर असतो.
खळीनं ती इतकी ताठ, की पहिले चार दिवस
अंगावर घेतली तर माझ्यापासून
वीतभर लांब उभी राहायची.
मधेच एक पांढरी रेघ आहे,
तेरावी मेंढी कुणाची मिसळली, देव जाणे.

काल वळवाचे चार थेंब पडले.
खोळ करून डोक्यावर घेतली, आत कोरडा.
शेडवरचं कुत्रं तीन वर्षं
माझ्या प्रत्येक फेरीला भुंकत आलं.
काल आलं, घोंगडीचा काठ हुंगला,
बराच वेळ हुंगला,
आणि पाठ लावून बसलं,
जणू मी कळपातला,
आणि राखण त्याची.