दोन बोटं सैल

मनामात, जुफैरच्या गल्लीत
माझ्या टेपनं मोजलंय मी त्यांचं ते दशक.
नव्वदची सालं. पँटी ढगळ.
"कंबर दोन बोटं सैल ठेव, मुख्तार,
माणूस वाढतच जातो,"
म्हणायचा डेल हॅगर्टी आणि हसायचा,
दाढा दिसेपर्यंत.
बाहेर गाडी चालू, एसी सुरू, दार उघडं.
तिकडे म्हणे शेअर चढत होते
उधाणाच्या पाण्यासारखे,
आणि ओहोटी हा शब्दच
कुणी शिकवला नव्हता त्यांना.
आम्ही दाभोळचे. आम्हाला पाळण्यातच कळतं ते.

हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.
मीही एका ईदला माझ्या सदऱ्याला
जास्तीचा खिसा लावला.
ठेवायला काही नव्हतं त्यात.

मग एका सप्टेंबरनंतर
गिऱ्हाईक आत आलं की
दाराकडे पाठ नको म्हणायचं.
माप घेताना छाती हलेना,
श्वास धरून उभी राहायची माणसं.
गल्लीच्या तोंडाशी सिमेंटचे ठोकळे.

डेलची एक पँट अजून टांगलीय.
चिठ्ठीवर: शनिवारी नेतो.
परवा शिवण उसवून पाहिली.
आत मी कापड सोडलं होतं,
चांगलं चार बोटं.