जिभेखालची बी

तेलावीत माझी भट्टी आहे, बाजारामागच्या उतारावर.
मातीच्या तोनेत कमरेपर्यंत वाकून
आतल्या भिंतीला पाव चिकटवतो, होडीसारखे लांबट.
पाव शिजेपर्यंत थांबता येतं मला.
माणसांची वाक्यं मात्र तीस वर्षं
कच्चीच ओढून काढत आलो.

म्हणजे ओतार म्हणायचा, "नुगझार, उद्या मला..."
मी म्हणायचो, "सहा पाव. ठाऊक आहे."
कुणी नुसतं "काल रात्री वाऱ्यानं" म्हटलं
की त्याचं छप्पर उडवून मी मोकळा.
बहुतेक वेळा बरोबरच निघायचं.
तिथंच घात झाला.

फेब्रुवारीत शाळेतल्या वेनेराबाई आल्या.
हातमोजे न काढताच म्हणाल्या,
"माझा भाऊ परवा..."
"आला ना!" मी फळीवर थाप मारली,
"मग आज दहा पाव न्या, पैसे नकोत!"
"गेला," त्या म्हणाल्या.
दोन पाव घेतले.
पैसे मोजून ठेवले. सुटे.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणतात.
परसात आलुबुखाराचं झाड आहे,
रात्री त्याच्या खोडाकडे बघत बसलो.
ते तोडायचं तर कुऱ्हाड लागेल,
आणि मग झाडही जाईल.
खिशात वाळल्या फळाची एक बी होती.
ती जिभेखाली ठेवली.

नियम एवढाच :
समोरचा बोलू लागला की बी तोंडात.
आपल्याला बोलायचं तर आधी ती तळहातावर काढायची.
तेवढ्यात माणूस तीन-चार शब्द पुढे सरकतो.

पहिल्या दिवशी दोन बिया गिळल्या.
तिसरी घाईत थुंकली ती कणकेत गेली,
कणकेतून पावात, पावातून ओतारच्या दाढेत.
त्याबद्दल त्यानं जे ऐकवलं
ते मी शेवटपर्यंत ऐकलं.
कुणाचं काही शेवटपर्यंत ऐकल्याची ती पहिलीच वेळ.

ईस्टरनंतर पुतण्याच्या लग्नात
तामादाचा प्याला अजून हवेत असतानाच
त्याच्या भाषणाचा शेवट मी सांगून टाकला.
सगळे हसले. पुतण्या नाही हसला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा एकपासून.

मग मेमध्ये कधीतरी
"नुगझार, उद्या मला," ओतार म्हणाला,
आणि बी जागची हलली नाही,
"जरा भट्टीपाशी बसू देशील का?
घरात थंडी नाहीये. पण कुणी नाहीये."
सहा पाव तो कुणासाठी नेत होता इतकी वर्षं,
हे विचारायला मी बी काढली,
आणि परत ठेवली.

वेनेराबाई येतात अजून.
"दोन पाव," म्हणतात.
कुठून धरून ओढावं असं एकही टोक ठेवत नाहीत.

आणि लामारा.
परवा राजमा ढवळता ढवळता म्हणाली,
"मला वाटतं, यंदा आपण..."
आणि थांबली.
मी थांबलो.
ती माझ्याकडे बघू लागली,
दार ढकलून आत यायच्या ऐवजी
बाहेरच उभ्या राहिलेल्या माणसाकडे बघावं तशी.
राजमा उतू गेला.

तेव्हा कळलं,
तिच्या वाक्यांना शेवटच उरले नाहीत.
एकतीस वर्षं ती आरंभ करून देई,
शेवट मी लावी,
आणि माझ्याच मनासारखं बोलते म्हणून
मी तिला शहाणी म्हणे.

आज द्राक्षांच्या टोपल्या धुताना पुन्हा निघालं :
"यंदा आपण... परसातली ती..."
पाणी वाहत राहिलं.
माझ्या तोंडात चार शेवट तयार होते, गरमागरम.
"नाही," ती म्हणाली. "तसं नाही.
थांब जरा. मला नीट आठवू दे
मला काय हवं होतं ते.
उद्या सांगते."

बी चोखून चोखून गुळगुळीत झालीय.
चव कधीच गेली.
उद्यापर्यंत राहील.