नाकासमोर

हेलेदची गाडी उजवं वळण घेत नाही.
म्हणजे घेते, पण आधी विचार करते,
आणि तेवढ्या विचारात
दगडी कुंपण दोन हात जवळ आलेलं असतं.
डावीकडे मात्र
नुसतं मनात आणलं तरी वळते.

"स्टिअरिंगच बदला," ती म्हणाली.
गिऱ्हाईक नेहमी हातात असतं त्यालाच दोष देतं.

ब्लायनायच्या पाटीच्या खाणींखाली माझी शेड.
पत्र्यावर दिवसभर भुरभुर.
मी आधी टायरमधली हवा पाहिली,
मग गाडीखाली आडवा झालो.
पुढच्या आर्मचं रबर
शिळ्या पावासारखं भेगाळलेलं.
हातानं सांगितलेलं चाकापर्यंत पोचायचं
पण वाटेत कुठेतरी थोडं सांडायचं.
ते काढलं. नवं दाबून बसवलं.
बोटाचं एक साल गेलं, त्याचा हिशोब नाही.

मग गाडीच्या दोन्ही बाजूंना
मासेमारीची दोरी ताणली.
लेझरचं यंत्र बँगरला आहे. माझ्याकडे दोरी आहे.
दोरी खोटं बोलत नाही, फक्त वाऱ्यानं थरथरते,
म्हणून दार लावून घ्यायचं
आणि पोलादी पट्टी टेकवताना श्वास धरायचा.
पुढची चाकं मी एक मिलिमीटर बाहेर उघडली.
एकच.
नखाची वाढलेली कड असते ना, तेवढं.

तेवढ्यानं गाडीनं कान टवकारले.
"आता सांगायच्या आत ऐकते,"
दुसऱ्या दिवशी हेलेद म्हणाली,
"पण उजवीकडे अजून नाकासमोर."

नाकासमोर चालणाऱ्यांचं आमच्या चॅपेलमध्ये फार कौतुक.
घाटात नाकासमोर चाललेलं मेंढरू
मी स्वतः ओढ्यातून वर काढलंय.

शेवटी चारी चाकांखाली चार काटे सरकवले.
"वजन किती तुमचं? सीटवर तेवढी पोती ठेवतो."
तिनं खाद्याच्या पोत्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"अठ्ठावन्न."
उजवं पुढचं चाक जमिनीला जेमतेम टेकलेलं.
म्हणजे टेकलेलंच, पण पाहुण्यासारखं,
खुर्चीच्या कडेवर.

डॅशबोर्डच्या खणात एक घडी केलेला कागद होता.
स्प्रिंगच्या कड्यांचे आकडे, चारी कोपऱ्यांचे,
नीटस अक्षर.
तळाशी: मी, ब्याण्णव.

"गेथिन," ती म्हणाली. "माझा भाऊ.
पाटागोनियाला गेला, तिथल्या पोरांना वेल्श शिकवायला.
जाताना गाडी मला दिली."
मग बऱ्याच वेळानं,
पोत्याच्या शिवणीचा दोरा उसवत,
"फोनवर म्हणतो, गाडी उत्तम आहे.
तुझेच हात कच्चे."

किती दिवस?
"वर्ष होईल."

मी काही बोललो नाही.
वर्षभर ही पोरगी
चौतीस किलोंचा एक माणूस
शेजारी नाही, मांडीवर नाही,
खुद्द आपल्याच जागेवर बसवून
घाट चढत होती.
दुसऱ्याच्या अंगावर बेतलेला कोट,
आणि वर बोलणी खायची
की तुझे खांदेच बारीक.

पाना लावला. गंजलेलं कडं आधी कुरकुरलं.
एका कोपऱ्यात दोन फेरे वर,
तिरप्या कोपऱ्यात दीड,
उरलेल्या दोन्हीकडे थोडं खाली.
काटे डोलले, भांडले, पुन्हा डोलले.
"आता पोती काढा," ती म्हणाली, "मीच बसते."
बसली. ओला कोट, चिखलाचे बूट, सगळ्यासकट.
"हात चाकावर ठेवा. इतकं घट्ट नको.
गळा नाही तो कुणाचा."

संध्याकाळी ती वर गेली.
खाणीच्या वळणाशी, उजव्या,
रोज इंजिनचा आवाज पडायचा.
मी शेडच्या दारात हात पुसत उभा राहिलो.
हात केव्हाच पुसून झाले होते.
आवाज पडला नाही.

परत आली तेव्हा पैशांच्या आधी कागद मागितला.
माझ्या कानावरची पेन्सिल काढून
ब्याण्णवच्या खाली लिहिलं:
अठ्ठावन्न.
थांबली. काट्यांकडे पाहिलं. खोडलं.
ओल्या कोटासकट एकसष्ट.