तंबू नंबर चार, पाणघोडा

आफ्रिकेला जायचं होतं.
ह्यांच्या गुडघ्याने आणि फ्लॅटच्या हप्त्यांनी
आपसात ठरवून
आम्हाला आरोंद्याला उतरवलं.

इथल्या तंबूंना नावं आहेत. सिंह, जिराफ, झेब्रा.
आम्हाला मिळाला पाणघोडा.
मालक कधीतरी तिकडच्या दलदलीत चार रात्री राहून आले
आणि येताना कापडाचा रंग घेऊन आले,
वाळक्या गवताचा,
जो इथे मार्गशीर्ष उलटल्याशिवाय कुठे दिसत नाही.

आत पितळी पलंग, पायाशी घडीची शाल,
आणि कापडी भिंतीला लागून
चार पंजांवर उभा पांढरा टब.
कोमट पाण्यात गळ्यापर्यंत बसले
तेव्हा बाहेर दहा पावलांवर खाडी
खारट, गढूळ, आपल्या वेळेने उतरत होती.
मध्ये फक्त कापड.
ती मला ऐकत असणार.

नियम पुठ्ठ्यावर छापलेले:
काळोख पडल्यावर एकट्याने बाहेर पडू नये.
शिट्टी वाजवावी. माणूस येईल.

सकाळी पुनाजी तारींची होडी.
"सुसर गावली तर गावली," ते म्हणाले,
"तिका पगार नाय."
पलीकडचा काठ गोव्याचा.
तिकडे पेट्रोल स्वस्त, खंड्या मात्र एकच,
दोन्ही राज्यांतले मासे खाणारा.
एका घसरंडीवर पोट ओढत नेल्याची ओली खूण.
"आत्ताच गेली."
त्या खुणेचे आम्ही एकवीस फोटो काढले.

मग दुर्बिणीत काहीतरी हललं.
कमरेइतक्या पाण्यात एक बाई,
टोपली दोरीने पोटाशी बांधलेली,
पायाच्या बोटांनी तिसऱ्या चाचपत होती,
त्या घसरंडीपासून फार तर शंभर पावलांवर.
हे म्हणाले, फोकस कर, फोकस कर.
मी चाक फिरवत राहिले.
ती स्पष्ट झाली तेव्हा
सरळ माझ्याकडेच बघत होती.
मी दुर्बीण वर उचलली,
आकाशात घार शोधत असल्यासारखी.
घार नव्हती.

रात्री जेवणाच्या मांडवाकडे जायला शिट्टी फुंकली.
नीट वाजली नाही. वाजवून किती वर्षं झाली.
खाकी शर्ट, हातात विजेरी, छातीवर बिल्ला: सत्या.
सत्यवती त्यावर मावलं नाही म्हणे.
ती पुढे चालली, उजेड मात्र मागे,
माझ्या पावलांवर.
स्वतः अंधारात.

"सकाळी दुर्बीण घेऊन तुमीच मां?
मी हात हलवलंय."

दिसलं नाही, म्हणाले मी.
आणि सुसरीची भीती नाही वाटत का, असं
पाहुण्यांनी विचारायचं तेच विचारलं.
"ती तिच्या येळेर येता, मी माझ्या."
मग जरा थांबून, हसत,
"साडेआठाक सुटतंय मी.
मगे माका कोण सोडतलो?"

मांडवात हे वाट बघत होते.
सुप गार झालं होतं.

साडेआठनंतर तंबूची चेन ओढून बसले.
बाहेरून पावलं गेली किरणपाण्याच्या दिशेने,
विजेरी नाही, ती कॅम्पची.
काठाला काहीतरी सपकन पाण्यात उतरलं.
पावलं थांबली.
मी शिट्टी दातांत धरली,
वाजवली तर कोण येणार,
जी येते ती तर तिथे उभी.

मग ती पुन्हा चालायला लागली
आणि चालता चालता फोनवर कुणाशी तरी
तांदूळ भिजत घातलास काय नाय, म्हणून
मोठमोठ्याने भांडू लागली.