घेटुळी

बुधवार बाजारात मडावीबाईनं मुळं तागडीत टाकली,
माती तशीच लागलेली, तिचंही वजन धरून.
किती वेळ उकळू, विचारलं.
"मातीचा वास जाते, मंग दुसरा येते.
तवा उतरवजो."
दुसरा कसला?
"आला का समजते वो."

वहीत असं लिहिता येत नाही.
वहीत मी लिहिलं: पाच, दहा, वीस, चाळीस, ऐंशी मिनिटं.
पाच चंबू. बाहेर सेहेचाळीस अंश,
शेगडीपाशी किती ते मोजलं नाही.
कूलर ओल्या वाळ्यातून श्वास ओढत होता.
वाळाही मूळच,
पण त्याला कुणी विस्तवावर ठेवत नाही,
नुसता भिजवतात, आणि तो जूनपर्यंत देत राहतो.

संध्याकाळी यंत्रानं कागद सोडला.
आम्हाला हवं ते शिखर वीसला सर्वांत उंच,
चाळीसला खचलेलं,
ऐंशीला शोधावं लागलं.
त्याच्या शेजारी भलतंच काही रुंद होऊन बसलेलं,
त्याचं नाव आमच्या यादीत नाही.
बोरकुटे सर म्हणाले, "हं." चहा सांगितला.

इतवारीत वैद्यांच्या दुकानी बाबांनी एकतीस वर्षं
सोळा पेल्यांचे दोन केले.
सकाळी चढवायचे, मिलच्या भोंग्याला उतरवायचे.
घरीही तोच काढा, पितळी झाकणाखाली,
आईसाठी.
तिच्या घोट्यावर बोट दाबलं की खळगा पडायचा.
तो भरेपर्यंत मी मनात आकडे म्हणायची.
एक, दोन, तीन.
पुढच्या उन्हाळ्यात वीस.
मग पंचवीस, आणि ती म्हणायची, पुरे, शाळेत जा.

बाबांनी कागद हातात घेतला, आधी उलटा, मग सुलटा.
"ऐंशीचं फेकलं का?"
नाही.
प्रयोगशाळेतून काही घरी नेऊ नये, असं भिंतीवर लिहिलेलं आहे.
मी दोन बाटल्या पदराखालून नेल्या.
त्यांनी एकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"हेच."
मग वीसचं.
"हे तर फिक्कं आहे. याचे लोक पैसे नसते देत."
हसले, आणि मधेच थांबले.

बोट तसंच हवेत, काळपट, ओलं.
बाहेर कुणीतरी भाजीवाला पुढच्या गल्लीत गेला.
मी मनात मोजायला लागले होते,
एक, दोन.