मधलं विसळण

पाणी साडेपाचला येतं, सातला जातं,
गुरुवारी येतच नाही.
त्यामुळे बिबवेवाडीत आमच्या मजल्यावर
सगळ्यांचे बुधवार जरा चिडके असतात.

मी भांडी रात्री घासत नाही, नुसती निपटून ठेवतो.
कढईची कड पोळीच्या तुकड्यानं,
आमटीचं पातेलं दोन बोटांनी,
बघायला कुणी नसेल तर जिभेनंसुद्धा.
निपटलेल्या भांड्याला अर्धं पाणी लागतं.
हे मला कुणी शिकवलं नाही.
चौथ्या मजल्यावर हंडे चढवताना पाठीनं शिकवलं.

साबणाची वडी झिजून नखाएवढी झाली
की ती नव्या वडीच्या पाठीवर दाबून बसवायची.
दोन दिवस उपरी वाटते,
मग कळतही नाही जुनी कुठली.
घासायला नारळाची शेंडी,
तांब्याच्या लोट्याला पिळून झालेलं लिंबू,
स्टीलला काही नको, स्टीलला धाक पुरतो.
पहिलं विसळण संडासात,
शेवटचं जिन्यातल्या कढीपत्त्याला.
मधलं कुणाचं, यावरून
आमच्यात एकदा दोन दिवसांचा अबोला झाला होता.

दुधाची पिशवी कापली की
तिच्यात अर्धा कप पाणी घालून खळखळवतो,
ते चहात.
तेलाची पिशवी उभी चिरून
तिच्या पोटावरून कणकेचा गोळा फिरवतो.
कालिंदी म्हणते, तुझ्यामुळे एक दिवस
कात्रज डेअरीला टाळं लागेल.

ती ससूनला रात्रपाळी करते.
मी दिवसा अप्पा बळवंत चौकात वह्या बांधतो.
भेटतो ते सकाळी, साडेसात ते आठ दहा,
ओट्यापाशी.
एवढ्यात विचारणार काय, सांगणार काय?
म्हणून मी तिचा डबा वाचतो.

धुऊन आणला असेल तर रात्र शांत गेली.
भाजी संपली, पोळी उरली: धावपळ, उभ्यानं खाल्लं.
लोणच्याची डबी चाटूनपुसून लख्ख:
कुणाशी तरी वाटून खाल्लं,
बहुतेक त्या लातूरच्या नव्या पोरीशी.

मागच्या गुरुवारी डबा जड होता.
पिशवी ओट्यावर टेकली तेव्हाच आवाजानं कळलं.
झाकण काढलं तर चारही पोळ्या
मी घडी घातली होती तशाच.
आत मोरीत ती अंगावर
तांब्यामागून तांब्या ओतत होती,
पिंपात साठवलेलं, दिवसभर पुरवायचं पाणी.
मी मोजले नाहीत.
खोटं कशाला बोलू, बावीस.

त्याच पोळ्या कुस्करल्या.
कांदा अर्धाच होता, बारीक चिरला
म्हणजे अख्ख्यासारखा दिसतो.
मोहरी, हळद, दोन मिरच्या, जिन्यातला कढीपत्ता,
डब्यातली फ्लॉवरची भाजीही त्यातच ढकलली,
वर दाण्याचं कूट, चिमूटभर साखर.
झाकण ठेवून एक वाफ.

ती ओल्या केसांनी येऊन बसली.
"कालच्याच?"
"कालच्याच."
दोन घास खाल्ले. मग म्हणाली,
"अकरा नंबर. पहाटे चारला."
मी कुटाची वाटी तिच्याकडे सरकवली.
दुसरं काही सरकवण्यासारखं हाताशी नव्हतं.
तिनं सगळं संपवलं,
ताटलीच्या कडेची मोहरीसुद्धा बोटानं टिपली.
"मीठ कमी होतं," म्हणाली, आणि झोपायला गेली.

पिंपात चार तांबे उरले होते.
तेवढ्यात कढई, दोन ताटल्या, कप, आणि तो डबा.
नळाला पाणी असतं
तरी मी धार बारीकच सोडली असती.
काळभोरवहिनींना वाटतं, काटकसर.
आहेच. पण बारीक धार वाजत नाही,
आणि आमच्या ओट्याच्या भिंतीपलीकडे
तिची उशी आहे.
वाटीला वाटी लागू न देता भांडी उपडी घालणं
मला लग्नानंतर सहा वर्षांनी जमलं.

पहिलं विसळण संडासात ओतलं.
शेवटचं कढीपत्त्याला.
मधलं बादलीत तसंच ठेवलंय, झाकून.
ती उठली की ठरवू.