वाजवी

ती नियमावली मीच टाइप केली होती,
सुरतेच्या कुठल्याशा कापड गिरणीच्या झेरॉक्सवरून.
सूत खोडून तूर केलं, माग खोडून चाळणी,
बाकी अक्षर न अक्षर तसंच.
कलम चौदा : वाजवी वेळेपेक्षा जास्त जागा सोडणे
हे गैरवर्तन समजले जाईल.
कोणाकडून समजले जाईल, ते झेरॉक्सवरही नव्हतं.

मे महिन्यात जळगावच्या एमआयडीसीत
डाळ मिलचा पत्रा हात लावू देत नाही.
नळ गेटापाशी. पॉलिशरपासून एकशे चाळीस पावलं,
हे नंतर मोजलं गेलं, वकिलांच्या चपलांनी.
केशर सपकाळे पाणी प्यायला गेली,
अकरा मिनिटांनी आली.
सुपरवायझर फेगडेंनी घड्याळ पाहिलं होतं,
नळाची रांग पाहिली नव्हती.

आठ दिवस कामाबाहेर.
मग चौकशी, मग युनियनचे भिकन आप्पा, मग तारखा.

मालकांचे वकील म्हणाले,
वाजवी म्हणजे कोणाही माणसाला सहज कळतं ते.
युनियनचे म्हणाले, तहान लागलेल्या की न लागलेल्या?
मला साक्षीला बोलावलं, म्हणून आदल्या रात्री
मी शब्दकोश उघडला.
वाजवी : योग्य.
योग्य : रास्त.
रास्त : वाजवी.
घाण्याच्या बैलालासुद्धा
संध्याकाळी सोडतात.

केशरला विचारलं, किती वेळ पुरला असता?
ती म्हणाली, "पानी पेवाले कितला टाइम लागस, साहेब?
तहान कितली लागेल शे, तेन्हावर शे."
कारकुनाने शुद्ध मराठीत उतरवून घेतलं :
साक्षीदार निश्चित उत्तर देऊ शकली नाही.

बाहेर टपरीवर कपाची कड पुसत ती मला म्हणाली,
"तुम्हीच लिखं ना ते?
वाजवी म्हंजे, जो भोंगा वाजवी, तो."
मी हसलो.
मग वरणात खडा लागावा
तसं ते हसू दाताखाली आलं.

निकाल अजून लागायचाय.
परवा फेगडे दुकानात आले, नवी नियमावली करायचीय म्हणाले.
वाजवी काढा, तिथे 'आवश्यक तेवढा' टाका.
मी विचारलं, मिनिटं किती लिहू?
ते म्हणाले, मिनिटं कशाला, तुम्ही टाइप करा.

मी केलं. पानामागे पंधरा रुपये.
मधेच पाणी प्यायला उठलो.
माठ दोन पावलांवर, कोणी विचारणारं नाही,
तरी परत बसताना
भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलंच.